दादाची पोरं

परेशने बांबूच्या दोन चिपा त्या माणसाच्या पायाला दोन्ही बाजूंनी लावल्या आणि खांद्यावरचा गमछा मधोमध फाडला.

"गाठ गुडघ्यावर नको, विठू. खाली मार. आन त्याच्याशी बोलत राहा."

"काय बोलू?"

"नाव इचार."

माणसाचं नाव बुधा. नेऱ्याच्या वर, डोंगराला लागून कातकऱ्यांची वाडी आहे, तिथला. वीटभट्टीवरून घरी चालला होता. मागून आलेल्या गाडीने त्याला उडवलं ते थेट रस्त्याकडेच्या खड्ड्यात. विटांसाठी माती काढून काढून तिथे पुरुषभर खोल खड्डा पडला होता आणि त्याच्या काठावर करंजाचं एक झाड तिरकं उभं होतं. दिवस मावळला होता, पण माणूस ओळखू येईल इतका उजेड अजून होता. चौघांनी मिळून गोणपाट आणि दोन काठ्यांची झोळी केली, बुधाला तीत हळूच सरकवलं आणि खड्ड्यातून वर काढलं. एरवी मंडळाची मॅटाडोर असायची. आज ती गॅरेजला होती, म्हणून दूधवाल्याचा टेम्पो आणला होता. रिकाम्या कॅनांमध्ये जागा करून त्यांनी बुधाला निजवलं.

टेम्पो सुटणार तेवढ्यात भट्टीच्या बाजूने एक बाई धावत आली. गोदा, बुधाची बायको. ती रडली नाही की ओरडली नाही. टेम्पोत चढली, नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि मगच तिने विचारलं,

"कोनी मारला?"

"गाडी व्हती." बुधाचे ओठ कोरडे पडले होते. "पुढं जाऊन थांबली. मानूस उतरला. खाली आला माज्याजवल. हलू नको म्हनला, मानसा येतान. आन गेला."

"कोन व्हता?"

"डोल्यापुढं अंधारी व्हती. दिसला नाय."

परेशला त्या वेळी एवढंच वाटलं, की बरा माणूस म्हणायचा. निदान थांबला तरी. नेऱ्याच्या रस्त्याला थांबणारा विरळाच.

पनवेल सोडून थोडं पुढे गेलं की पुण्याचा रस्ता एकीकडे आणि गोव्याचा दुसरीकडे फुटतो. त्या फाट्याच्या अलीकडे, चहाच्या टपरीमागे मंडळाची एक खोली होती. पत्रे वरून गरम व्हायचे, खाली कॅरम चालायचा. कागदावर मंडळाचं नाव मोठं होतं, पण ते कुणाला पाठ नव्हतं. हायवेवर अपघात झाला की ट्रकवाले, रिक्षावाले, अगदी पोलीससुद्धा एकच म्हणायचे, दादाच्या पोरांना बोलवा.

दादा म्हणजे कमळाकर भोईर. पहाटे उरणहून मासळी आणायची, दिवसा मिळेल ते भाडं मारायचं, असा मॅटाडोरवर पोट असलेला माणूस. चाळिशीला आलेला, अंगाने आडवा, चालताना एका बाजूला किंचित झुकणारा. त्याने गाडी मंडळाच्या नावावर केली होती. भाडं नसेल तेव्हा ती खोलीसमोर उभी असायची आणि किल्ली आत खिळ्याला. ती किल्ली सांभाळायचं काम परेशचं.

परेश दादाच्या हाताला लागला तो एका चपराकीने. काही वर्षांपूर्वी हायवेला संत्र्यांचा ट्रक उलटला होता. सगळा नाका पिशव्या, घमेली, लुंग्या घेऊन धावला. परेश त्यात होता. दहावीला दोनदा आपटलेला, दिवसभर एसटी स्टँडवर उंडारणारा पोरगा. शर्टाचा ओचा करून त्याने संत्री भरली होती आणि अजून दोन बसतील का ते बघत होता. केबिनमध्ये ड्रायव्हर अडकला होता, आई आई म्हणत होता. दार उघडायला एकटा दादा झटत होता. त्याने वळून पाहिलं, दोन पावलं आला आणि परेशच्या कानाखाली अशी वाजवली की सगळी संत्री डांबरावर घरंगळत गेली. परेशला वाटलं, आता शिव्या. पण दादा म्हणाला,

"ये हिकडं. ह्याचा डोका धर. मान हलू देऊ नको. आन त्याच्याशी बोल."

ड्रायव्हरला बाहेर काढेपर्यंत परेश तसाच त्याचं डोकं धरून बसला. काय बोलला ते त्याला नंतर आठवेना. ड्रायव्हर वाचला. दुसऱ्या दिवशी दादा घरी आला. परेशची आई घाबरली, कारण पोरगा काय करून आला असेल याचा तिला नेम नव्हता. दादाने पाणी मागितलं, प्याला आणि जाताना म्हणाला, "संध्याकाली खोलीवर पाठवा त्याला."

तेव्हापासून परेश खोलीवर जायला लागला. दादाने त्याच्याकडून दहावीचे राहिलेले विषय काढून घेतले, स्वतः शेजारी बसून गाडी शिकवली, लायसन्स करून दिलं, तळोज्याला एका कारखान्यात चिकटवलं. असाच त्याने विठूला, असाच आणखी कितीजणांना. पनवेलहून डॉक्टरला बोलावून तो पोरांना हाड कसं बांधायचं, रक्त कसं थांबवायचं ते शिकवायचा. त्या काळी जखमीला हात लावणं म्हणजे पोलिसांचं आणि कोर्टाचं लचांड पाठी लावून घेणं. दादा म्हणायचा, साक्षीला मी जातो, तुमी फकस्त उचला. आणि खरोखरच जायचा, धंदा बुडवून, अलिबागच्या कोर्टापर्यंत. त्याचा नियम एकच होता. दुसऱ्याच्या हातात देईपर्यंत आपला हात काढायचा नाय.

आणि त्याचा आवाज. पोरांवर ओरडताना तो भांडं घासल्यासारखा खरखरीत असायचा. पण जखमी माणसाच्या कानाशी वाकला की दादा वेगळ्याच आवाजात बोलायचा. खालच्या पट्टीत, सावकाश, झोपेतल्या लेकराला थोपटावं तसं. हलू नको. मी हाय. मानसा येतायत. एवढंच. पण किंचाळणारी माणसं गप्प होत. पोरं खोलीवर एकमेकांना आडवं पाडून त्या आवाजाची नक्कल करत. तसा आवाज कुणालाच काढता येत नसे.

बुधाला सरकारी दवाखान्यात टाकलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी परेश दादाची वाट बघत राहिला. जखमीला बघायला दादा दुसऱ्या दिवशी जाणार म्हणजे जाणारच. दादा आला नाही.

"मना जमनार नाय," तो म्हणाला. "तू जाऊन ये."

पुढच्या आठवड्यातही त्याला जमलं नाही. परेशच बिस्किटं घेऊन जात राहिला. बुधाच्या पायाला मांडीपर्यंत प्लास्टर होतं. हाड जुळेल, पण पाय पहिल्यासारखा सरळ पडणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणजे विटा वाहणं संपलं. पोलिसांच्या कागदावर 'अज्ञात वाहन' एवढंच लिहिलेलं होतं. गाडीचा नंबर असता तर कोर्टात भरपाई मागता आली असती, हे हवालदाराने गोदाला सांगितलं होतं. ती परेशला दवाखान्याच्या जिन्यात गाठून म्हणाली,

"तुमी इतकी पोरा व्हता. नंबर कोनीच नाय बगितला?"

"आमी आलो तवा गाडी गेलेली व्हती."

"हां," ती म्हणाली. "ता बी हाय."

एका रविवारी परेश तिचा निरोप घेऊन सायकलवर वाडीकडे निघाला होता. बुधाच्या म्हातारीला सांगायचं होतं, की काळजी करू नको, पोराला लवकरच सोडणार आहेत. करंजाजवळ सायकलची चेन उतरली. चेन बसवायला तो वाकला आणि सहज त्याची नजर खड्ड्याकडे गेली. खड्डा दिसला नाही. दिसत होता तो मातीचा उंचवटा, त्यावर वाळलेलं गवत आणि झाड. परेश उभा राहिला. थोडा पुढे गेला, मागे आला. रस्त्यावरून कुठूनही बघितलं तरी खड्ड्याचा तळ दिसत नव्हता. उंचवट्यावर चढून वाकल्यावरच दिसत होता.

त्या दिवशी सगळे खोलीवर कॅरम खेळत होते. दादा दुपारीच गाडी घेऊन नेऱ्याला कुणाच्या साखरपुड्याला गेला होता. संध्याकाळी शेजारच्या किराणा दुकानातून हाक आली, दादाचा फोन आहे. फोन परेशनेच घेतला होता. दादा म्हणाला होता, "नेऱ्याच्या रस्त्याला, करंजाखाली मानूस पडलाय. खड्ड्यात उतरून बगा, वरनं दिसायचा नाय." कोणी सांगितलं म्हणून विचारलं, तर म्हणाला, कोनतरी सांगून गेला. आणि मग, गाडी बंद पडली, गॅरेजला टाकलीय, दुधाचा टेम्पो घ्या.

हलू नको म्हनला, मानसा येतान.

परेश रस्त्याच्या कडेला बसला. नेऱ्याकडून एक एसटी आली आणि गेली. तिच्या धुळीने तोंड भरलं तरी त्याने मान फिरवली नाही. चेन तशीच लोंबत राहिली.

तो वाडीवर गेलाच नाही. सायकल हातात धरून चालत दादाच्या घरी गेला.

दादा अंगणात मॅटाडोर धूत होता. पुढच्या दोन दिव्यांपैकी डाव्याची काच नवीकोरी होती. उजवीकडची जुनी, पिवळट पडलेली.

"काय रं?" दादाने विचारलं.

"बुधाला प्लास्टर घातलाय."

"हां. विठू बोलला."

"तुमी एकदा पन गेला नाय बगायला."

दादाने फडकं पिळलं. पाणी निथळून संपलं तरी तो पिळत राहिला.

"दादा, वरनं खड्डा दिसत नाय. मी आता बगून आलो."

आतून दादाची बायको, चंद्रावतीवहिनी, दोन कप चहा घेऊन आल्या. परेशला काहीतरी विचारणार होत्या, पण दोघांची तोंडं बघून त्यांनी कप ओट्यावर ठेवले आणि आत गेल्या. दादाने फडकं बादलीत टाकलं.

"कोनाला बोललास?"

वाटेत परेशने सगळ्याची तयारी केली होती. दादा नाही म्हणेल, चिडेल, कानाखाली वाजवेल, कदाचित रडेलही. रडला तर आपण काय करायचं, हेसुद्धा त्याने ठरवलं होतं. हा प्रश्न येईल, असं मात्र त्याला वाटलं नव्हतं.

"कोनाला नाय."

दादाने श्वास सोडला. मग तो ओट्यावर बसला, एक कप परेशपुढे सरकवला आणि बोलायला लागला. हळूहळू, समजावून सांगितल्यासारखं. सव्वीस जानेवारीला मंडळाला ॲम्ब्युलन्स मिळतेय. तळोज्याचा कारखाना देतोय, तो आपलं नाव बघून. ते नाव पोलिसांच्या कागदावर चढलं तर गाडी गेली. आज माणसं मासळीच्या गाडीतून नेतो आपण, रस्त्यात मरतात.

"एका बुधासाठी शंभर बुधा मारायचे काय? तूच सांग."

परेशची नजर दिव्याच्या नव्या काचेवर गेली.

"आन मी त्याला टाकून गेलो नाय," दादा म्हणाला. "तुमाला पाठवला ना? तुमी म्हंजे मीच."

हेच वाक्य दादाने महिन्यापूर्वी म्हटलं असतं तर परेशने ते नाक्यावर चारचौघांना ऐकवलं असतं. आज त्याने चहा तसाच ठेवला आणि सायकल घेऊन निघाला. दादाने मागून हाक मारली नाही.

त्यानंतर परेशने तोंड उघडलं नाही. का नाही, हे त्याला स्वतःलाच नीट सांगता आलं नसतं. रोज सकाळी तो ठरवायचा, की आज विठूला तरी सांगू. संध्याकाळी खोलीवर विठू दिसला, की पट्टी बांधण्याचा सराव चालू असायचा, कुणीतरी हसत असायचं, आणि ते हसणं आपल्या एका वाक्याने मोडेल, या भीतीने तोही पट्टी बांधायला बसायचा. कधी त्याला वाटायचं, दादा स्वतःच जाईल एक दिवस ठाण्यावर. जाणारच. दादा म्हणजे काय कुणी ऐरागैरा नव्हे. ह्या आशेवर त्याने पुष्कळ दिवस काढले. दवाखान्यात तो जाईनासा झाला. बुधाला घरी सोडल्याचं त्याला विठूकडून कळलं.

जानेवारीत कार्यक्रमाची गडबड सुरू झाली. शाळेच्या पटांगणात मांडव पडला. पोरांना पिवळे शर्ट शिवले. कारखान्याचे साहेब येणार, आमदार येणार. पोरांच्या बैठकीत दादा म्हणाला,

"हार कोनाच्या हातून घ्यायचा माहीत हाय का? आपन वाचवलेल्या मानसाच्या हातून. त्या बुधाच्या बायकोला आनायचा. गोदाला."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी विचारलं, आणायला कोण जाणार?

"परेश जाईल," दादा म्हणाला. "ती त्याला वलखते."

बोलताना तो परेशकडे सरळ बघत होता. त्या नजरेत धाक नव्हता. धाक असता तर बरं झालं असतं. त्या नजरेत भरवसा होता, पोटच्या पोरावर असावा तसा.

सव्वीसच्या सकाळी परेश पिवळा शर्ट घालून वाडीवर पोचला. बुधा झोपडीच्या दाराशी उन्हाला बसला होता, कुबडी शेजारी आडवी. गोदा तयार होती. धुतलेलं लुगडं, केसांत झेंडूचं फूल. विठू येऊन सांगून गेला होता, की पनवेलला माईकसमोर उभं राहायचं आहे.

"बोलायला लावतील काय रं?" तिने विचारलं. "मना नाय जमायचा बोलाया. हार घालन फकस्त."

परेश दारात उभा राहिला तो उभाच. गोदा म्हणाली, बस, अजून एसटीला वेळ आहे. तो बसला नाही. जमिनीकडे बघत त्याने सगळं सांगितलं. खड्ड्याचं, फोनचं, दिव्याच्या काचेचं. दादाने जे कबूल केलं ते, आणि ज्यासाठी लपवलं तेही. बोलायला सुरुवात केल्यावर ते फार थोडं होतं. इतके दिवस छातीवर होतं ते एवढंच होतं, याची त्याला लाज वाटली.

बुधा आपल्या पायाकडे बघत होता.

"तुला कवा समजला?" गोदाने विचारलं.

"प्लास्टर व्हता तवाच."

"मी नंबर इचारला व्हता तुला. जिन्यात."

"तवा माहीत नव्हता मना."

"मंग नंतर?"

गोदाने केसांतलं फूल काढलं आणि चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवलं. रागाने नाही, घरकाम उरकावं तसं.

"चल," ती म्हणाली.

"कुठं?"

"ता तू सांग. तुमी शिकलेली पोरा."

"पोलीस ठाण्यावर."

बुधाने कुबडी ओढून घेतली. "मी बी येतंय," तो म्हणाला.

ठाण्याबाहेर झेंडावंदन उरकलं होतं, पताका अजून हलत होत्या. शाळेच्या पटांगणातला लाउडस्पीकर तिथपर्यंत ऐकू येत होता. हवालदाराने तिघांना बघितलं, परेशचा पिवळा शर्ट बघितला आणि हसून म्हणाला,

"अरे, तुम्ही इकडे कुठे? मांडव तिकडे आहे."

परेशने सांगितलं. हवालदाराचं हसू हळूहळू विरलं. त्याने दार लोटून घेतलं.

"तू धडक बघितलीस?"

"नाय."

"ह्याने गाडी बघितली?"

"नाय."

"मग मी लिहू काय, बाबा? दादासारख्या माणसाविरुद्ध? आज, आणि आत्ता? साहेब मांडवात पहिल्या रांगेत बसलेत." त्याने कपाळ चोळलं. मग शिपायाला हाक मारून खालच्या आवाजात म्हणाला, "दादांना म्हणावं, दोन मिनिटं येऊन जा. गडबड करू नको."

गोदा आणि बुधा भिंतीला टेकून खाली बसले. बुधाचा पाय पुढे पसरलेला होता. परेश उभा राहिला.

दादा आला तेव्हा त्याच्या अंगावर पांढरेशुभ्र कपडे होते, छातीवर बिल्ला, कपाळाला गंध. काहीतरी मदत लागली असेल असं समजून विठू आणि इतर पोरंही मागोमाग आली होती. हवालदाराने खुर्ची पुढे केली. दादा बसला नाही. गोदा आणि बुधाला त्याने पाहिलं, परेशला पाहिलं, आणि त्याला काही सांगावं लागलं नाही. तरी हवालदाराने अवघडत, शब्द जुळवत सगळं सांगितलं.

दादा ऐकून घेत होता. मग हवालदाराकडे वळून म्हणाला,

"गाडी मंडलाची हाय, साहेब. किल्ली परेशकडे असते. हवं त्याला इचारा. त्या दिवशी गाडी कोनाकडे व्हती, ता त्यालाच इचारा."

परेशला आधी कळलंच नाही. शब्द कानांवर आले, पण त्यांचा अर्थ जरा मागून आला. हवालदार आता त्याच्याकडे बघत होता, वेगळ्या नजरेने. परेशने पोरांकडे पाहिलं. फोन आला तेव्हा हे सगळे त्याच्याबरोबर होते. कॅरमला विठू त्याचा जोडीदार होता, राणी नुकतीच घेतली होती त्यांनी. एक जण बोलला असता तरी पुरे होतं. विठू आपल्या नव्या चपलांकडे बघत होता. दुसरा दाराच्या कडीशी चाळा करत होता. सगळे पिवळे शर्ट, सगळ्या माना खाली.

दादा पुढे आला. त्याने परेशच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच्या कानाशी वाकला.

"घाबरू नको, परेश," तो म्हणाला. खालच्या पट्टीत, सावकाश. "खरा काय ता सांग. मी हाय."

भिंतीशी बसलेल्या बुधाने मान वर केली.

"ह्योच," तो म्हणाला.

"काय ह्योच?" हवालदाराने विचारलं.

"आवाज. ह्योच व्हता." रानात पाखरू ओळखून सांगावं इतक्या साधेपणाने बुधा म्हणाला. "लय मायेनं बोलला व्हता. मना वाटला, आता काय नाय व्हनार आपल्याला."

दादाचा हात परेशच्या खांद्यावर तसाच होता. तो आधी जड झाला आणि मग निघून गेला. बाहेर लाउडस्पीकरवर कुणीतरी दादाचं नाव घेत होतं, कमळाकरदादा भोईर जिथे असतील तिथून त्यांनी व्यासपीठावर यावं. पुन्हा एकदा तेच. दादा खुर्चीत बसला. छातीवरचा बिल्ला त्याने काढला आणि कुठे ठेवावा ते न कळून हातातच धरला.

"हां," तो म्हणाला. कुणाला, ते कळलं नाही.

हवालदाराने कागद ओढून घेतला. पेन झटकलं. पोरं जावं की थांबावं या विचारात होती. त्यांच्यातलं सगळ्यात धाकटं पोर रडत होतं, आणि ते दिसू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून उभं होतं.

"परेश," दादा म्हणाला. त्याने मान वर केली नाही. आवाज मात्र रोजचा होता, खरखरीत. "पोरा सकालपास्नं उपाशी हायत. मांडवामागं वडापाव आलेत. त्यांना खायाला घाल. ह्या दोघांना पन ने."

"आमी हितंच बसताव," गोदा म्हणाली. तिची नजर हवालदाराच्या पेनावर होती. "लिवून व्हऊ दे."

परेशला खूप काही बोलायचं होतं. तुम्ही कोण मला सांगणारे, हे तर ओठांपर्यंत आलं होतं. या क्षणासाठी तो कित्येक दिवस शब्द जमवत होता, आणि आता ते सगळे जागेवर होते.

मग त्याच्या लक्षात आलं, की तो दाराशी येऊन पोचला आहे. कडी उघडण्यासाठी त्याचा हात वरसुद्धा गेला होता.

तो तिथेच थांबला. त्याच्या मागे, दोन पावलांवर, सगळी पोरं येऊन उभी राहिली होती. तो पुढे सरकायची वाट बघत.